शहराचा पहारा कोणाचा ?



रात्रीं दाराला कडी लावून आपण निजतों, तेव्हां रस्त्यावरून जाणारा पहारेकरी कोणाचा चाकर आहे, हा विचार सहसा आपल्या मनांत येत नाहीं. दिवा महानगरपालिकेचा, नळ महानगरपालिकेचा, केर उचलणारी गाडीहि तिचीच. तेव्हां शिपाई तिचाच असेल, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुस्थिति निराळी आहे. नवी मुंबईंत लोकांनीं निवडलेले नगरसेवक महापौर निवडतात, पण एका साध्या शिपायाची बदली करण्याचा अधिकार त्या महापौराला नाहीं. नवी मुंबई महानगरपालिका १ जानेवारी १९९२ पासून कामास लागली. नवी मुंबईचें पोलीस आयुक्तालय १९९४ सालीं स्थापन झालें. दोहोंच्या पाटीवर शहराचें नांव एकच, परंतु एकीचा धनी तेथील मतदार, आणि दुसऱ्याचा धनी मंत्रालयांतील गृहखातें.

अमेरिकेंत रीत उलट आहे. तेथें पोलीस बहुधा शहराचे असतात, आणि शहरांत गुन्हे माजले, किंवा माजले अशी ओरड झाली, म्हणजे राज्यसरकार मध्यें पडून तें दल आपल्या हातीं घेतें. मिसूरी राज्यानें सेंट लुइस शहराचे पोलीस १८६१ सालीं आपल्या हातीं घेतले, ते लोकांच्या कौलानंतर २०१३ सालीं परत केले, आणि २०२५ सालीं गुन्हेगारीचें कारण दाखवून पुन्हां राज्यानें नेमलेल्या मंडळाखालीं आणले. तिकडे ही मोठ्या भांडणाची गोष्ट होते. आपल्याकडे भांडण होत नाहीं, कारण सरकार मध्यें पडण्याचा प्रश्नच उरलेला नाहीं. तें आधींपासून मध्येंच उभें आहे. तें तेथें कसें येऊन उभें राहिलें, याची हकीकत नव्या मुंबईंत नव्हे, जुन्या मुंबईंत सुरू होते.

मुंबई बेट इंग्रजांच्या ताब्यांत आल्यावर गव्हर्नर जेराल्ड ऑंजिअर यानें १६७२ च्या सुमारास भंडारी लोकांचें एक पथक रात्रीच्या पहाऱ्यासाठीं उभारलें. माहीम, शिवडी आणि शीव हीं त्यांचीं ठाणीं. बेट लहान, वस्ती विरळ, तोंवर एवढें पुरलें. पुढें व्यापार वाढला, गोदींत बाहेरगांवचे खलाशी येऊं लागले, आणि भंडाऱ्यांच्या काठीला चोर भिईनात. तेव्हां १७७९ च्या फेब्रुवारींत जेम्स टॉड नांवाच्या गृहस्थाला पोलिसांचा लेफ्टनंट नेमण्यांत आलें. चोर किती धरले गेले तें असो. अकरा वर्षांनीं, म्हणजे १७९० सालीं, हा पोलिसांचा मुख्यच लांचलुचपतीच्या आरोपाखालीं न्यायासनापुढें उभा राहिला आणि पदावरून गेला.

याच सुमारास घाटावर काय चाललें होतें, हें आठवल्यावांचून राहवत नाहीं. पुण्यास नाना फडणिसांचा कोतवाल घाशीराम सावळदास शहराच्या बंदोबस्ताचा सर्वाधिकारी होता. १७९१ सालीं त्याच्या कोठडींत कोंडलेले कित्येक तैलंगी ब्राह्मण गुदमरून मेले आणि क्षुब्ध जमावानें त्याला दगडांनीं ठेचून मारिलें. नाटकामुळें हा प्रसंग आज घरोघरीं ठाऊक आहे. एका वर्षाच्या अंतरानें, दोन अगदीं निराळ्या राज्यांत, शहरचा पहारेकरी हाच शहराला जाच ठरला. इंग्रजांनीं आपल्या माणसावर खटला केला, पुणेंकरांनीं दगड उचलले. एवढा फरक निश्चित आहे आणि तो लहान नाहीं. परंतु रोगाचें मूळ दोन्ही ठिकाणीं एकच होतें. दरबारानें एका माणसाला शहर सोंपविलें होतें, आणि त्याच्यावर नजर ठेवणारा कोणी नेमला नव्हता.

मुंबई सरकारनें यांतून धडा घेतला असें दिसत नाहीं. १७९३ च्या पार्लमेंटच्या कायद्यानंतर पदाचें नांव बदलून सुपरिंटेंडेंट झालें, अधिकार मात्र वाढलेच. हा अधिकारी संशयिताला स्वतःच पकडी, स्वतःच त्याचा निवाडा करी, फटके मारवी, बेड्या घालून कामाला लावी, आणि मनास आलें तर बेटाबाहेर घालवून देई. १८१० सालीं ह्या पदावरच्या चार्ल्स ब्रिस्को ह्या अधिकाऱ्यावरहि टॉडप्रमाणेंच लांचखोरीचा खटला झाला. त्या वेळीं मुंबईच्या न्यायासनावर सर जेम्स मॅकिंटॉश होते. हे पंडित गृहस्थ मुंबईला कंटाळलेले होते, पण कायद्याच्या बाबतींत त्यांची दृष्टि तीक्ष्ण होती. केवळ ब्रिस्कोच्या लांचेवर न थांबतां त्यांनीं खुद्द पदाच्याच मुळाशीं हात घातला. ज्या नियमांच्या आधारें माणसांना फटके आणि हद्दपारी मिळत होती, ते नियम कायद्याप्रमाणें न्यायालयांत कधीं नोंदलेच गेले नव्हते, असें त्यांनीं दाखवून दिलें. म्हणजे इतकीं वर्षें चाललेल्या त्या शिक्षांना कायद्याचा आधारच नव्हता. मॅकिंटॉश १८११ सालीं विलायतेस परतले. त्यांच्या टीकेचें फळ म्हणून १८१२ चा पहिला रेग्युलेशन निघाला, आणि निवाड्याचें काम तीन मॅजिस्ट्रेटांकडे गेलें. पकडणारा आणि शिक्षा देणारा एक नसावा, हें तत्त्व मुंबईच्या पोलिसांच्या बाबतींत येथें प्रथम कागदावर आलें.

त्यानंतरचीं चाळीस वर्षें मी थोडक्यांत सोडतों. शहर फुगत गेलें आणि पोलीस दुबळे व लांचखाऊच राहिले. १८५५ सालीं गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनीं चार्ल्स फोर्जेट याला सुपरिंटेंडेंट केलें, तेव्हां मात्र गोष्ट बदलली. फोर्जेट हिंदुस्थानांतच जन्मलेला, मराठी मुलखांत नोकरी केलेला, आणि येथील भाषा आपल्यासारख्याच सफाईनें बोलणारा. वेष पालटून तो गल्ल्याबोळांतून हिंडे, चोरांच्या अड्ड्यांत बसे, आणि आपल्याच शिपायांचीहि परीक्षा घेई. १८५७ सालीं सोनापुराजवळील एका घरांत देशी पलटणींतील कांहीं शिपाई गुप्तपणें जमत. फोर्जेटनें शेजारच्या खोलीच्या भिंतीला भोकें पाडविलीं आणि त्या पलटणीच्या गोऱ्या अधिकाऱ्यालाच तेथें नेऊन त्याच्या माणसांचें बोलणें त्याच्या कानांनीं ऐकविलें. १५ ऑक्टोबर १८५७ रोजीं सय्यद हुसेन व मंगल गडिया ह्या दोघांना किल्ल्याबाहेरील मैदानांत तोफेच्या तोंडीं देण्यांत आलें. आज त्या मैदानाच्या एका भागास आझाद मैदान म्हणतात, आणि ताडदेवकडे फोर्जेटच्या नांवाचा रस्ताहि आहे. दोन्ही नांवें एकाच शहरानें सांभाळलीं आहेत. शहरांचें असेंच असतें.

फोर्जेटचें कौतुक करतांना एक गोष्ट नजरेआड होऊं नये. चोर धरण्यासाठीं जी वेषांतराची विद्या, तीच राजद्रोही धरण्यासाठीं. गुन्ह्याच्या नांवानें सरकारनें जो हात बळकट केला, तो गरज पडतांच राज्य राखण्याकडे वळला. यांत आश्चर्य नाहीं. पोलीस ज्याचा चाकर, त्याची भीति तीच पोलिसांची भीति होते.

आणि पाहा, त्याच १८५७ सालीं, जूनच्या महिन्यांत, न्यूयॉर्क शहरांत काय घडलें. तेथील राज्यसरकारनें शहराचे पोलीस मोडून आपलें नवें दल नेमलें; महापौर फर्नांडो वूड यानें आपलें दल मोडण्यास नकार दिला; आणि नगरभवनाच्या पायऱ्यांवर दोन पोलीस दलें एकमेकांवर दंडुके घेऊन तुटून पडलीं. शेवटीं पलटण बोलवावी लागली. न्यायालयानें कौल राज्याच्या बाजूनें दिला, तरी १८७० सालीं पोलीस पुन्हां शहराकडे गेले. प्रसंग हास्यास्पद खरा, पण त्यांत शहराला आपलें म्हणून कांहीं मागावयाचें होतें. मुंबईंत असा महापौर नव्हता आणि असा प्रश्नहि नव्हता.

मुंबईंत प्रश्न होता तो बिलाचा. अमेरिकेंतील यादवीनें कापसाचा भाव चढला, मुंबईंत पैशाचा पूर आला आणि १८६५ सालीं तो तितक्याच वेगानें ओसरला. त्याच सुमारास फोर्जेटच्या जागीं फ्रँक सौटर आले आणि मुंबईचे पहिले पोलीस कमिशनर झाले. ते १८८८ पर्यंत ह्या पदावर होते. पोलिसांच्या खर्चाचा भार नव्या म्युनिसिपालिटीच्या तिजोरीवर टाकण्यांत आला. कमिशनर नेमणार सरकार, हुकूम करणार सरकार, पगार मात्र देणार घरपट्टी भरणारा मुंबईकर! पैसा ज्याचा त्याची आज्ञा, हा घरांत आणि दुकानांत चालणारा साधा नियम येथें चालत नव्हता. नगरसेवक कुरकुरत, पोटनियम काढून पाहत, आणि पुन्हां पैसे मोजीत. फिरोजशहा मेहतांचा हात ज्याला लागला होता त्या १८८८ च्या म्युनिसिपल कायद्यानेंहि ही गांठ सुटली नाहीं.

ती सुटली १९०७ सालीं. त्या वर्षीं मुंबई कायदेमंडळानें शहर पोलीस खर्चाचा कायदा केला. पोलिसांचा सारा खर्च सरकारनें पत्करिला आणि त्याच्या मोबदल्यांत प्राथमिक शिक्षण, दवाखाने व देवी टोंचण्याचें काम म्युनिसिपालिटीनें आपल्या अंगावर घेतलें. ह्या कायद्याचें नांव आज मुंबईंत कोणाला फारसें ठाऊक नाहीं, पण म्युनिसिपालिटीची शाळा आणि सरकारचा पोलीस ही जी जोडी आपण स्वाभाविक मानतों, तिचें बरेंचसें मूळ ह्या देवघेवींत आहे. मला विचाराल तर सौदा वाईट नव्हता. शहराला शाळा मिळाल्या, आणि त्या शाळांतून गिरणगांवचीं मुलें शिकलीं. परंतु बिल भरतांना निदान तक्रारीचा जो हक्क होता, तो बिलाबरोबरच गेला. खर्च ज्याचा त्यालाच कारभार विचारतां येतो. १९०७ नंतर मुंबईकर आपल्या पोलिसांचा मालक तर नव्हताच. आतां तो ग्राहकहि राहिला नाहीं.

स्वातंत्र्यानें माणसें बदललीं. ऑगस्ट १९४७ मध्यें जहांगीर भरूचा हे पहिले हिंदी कमिशनर झाले. घटनेनें पोलीस हा विषय राज्यांच्या यादींत घातला, आणि १९५१ चा मुंबई पोलीस कायदा, ज्याला आतां महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात, त्यानें कमिशनरची पद्धति तशीच पुढें चालविली. नागपूर, पुणें, ठाणें अशीं एकेक शहरें ह्या पद्धतीखालीं येत गेलीं.

आतां खाडी ओलांडूं. ही खाडी हद्दीच्या दृष्टीनें फार जुनी आहे. अठराव्या शतकाच्या शेवटीं साष्टी इंग्रजांची होती, पण पलीकडे बेलापुर-पनवेलास मराठ्यांचा अंमल होता. बेलापुरचा किल्ला इंग्रजांनीं १८१७ सालीं घेतला. तोंवर खाडी ओलांडली कीं इंग्रजांचा अंमल संपे. पुढें राज्य एक झालें, तरी ह्या बाजूचा पहारा गांवचाच राहिला. १८६७ च्या ग्रामपोलीस कायद्याप्रमाणें तो पोलीसपाटलाकडे होता, आणि १९६७ च्या नव्या कायद्यानेंहि तें पद ठेविलें. आगरी-कोळ्यांच्या गांवीं भांडण झालें तर तें आधीं गांवकींत मिटे. फौजदार हा बाहेरचा, क्वचित् दिसणारा माणूस.

१७ मार्च १९७० रोजीं सिडको स्थापन झाली. ठाणें, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गांवांची जमीन, सुमारें ३४४ चौरस किलोमीटरांचा मुलूख, नव्या शहरासाठीं योजण्यांत आला. नकाशावर रस्ते, शाळा, बाजार, तळीं सारें होतें. परंतु नव्या राज्यसत्तेची पोलीस म्हणून पहिली खरी ओळख त्या गांवांना झाली ती वेगळ्याच रीतीनें. १९८४ च्या जानेवारींत जमिनीच्या मोबदल्यासाठीं दि. बा. पाटलांच्या पुढारीपणाखालीं शेतकरी उरण तालुक्यांत रस्त्यावर उतरले, आणि १६ व १७ जानेवारीच्या गोळीबारांत पांच शेतकरी ठार झाले. विकसित जमिनीचा साडेबारा टक्के भाग मूळ मालकाला देण्याची योजना ह्या आंदोलनाचें फळ आहे. जासई परिसरांत दरवर्षीं त्या हुतात्म्यांचें स्मरण होतें. शहर वसण्यापूर्वींच त्याच्या पहारेकऱ्याच्या बंदुकीचा आवाज तेथल्या माणसांनीं ऐकला होता, हें ध्यानांत न घेतां नवी मुंबईच्या पोलिसांचा इतिहास सांगणें मला प्रामाणिक वाटत नाहीं.

तरी पण १९९४ चें आयुक्तालय हें केवळ दडपणासाठीं आलें, असें म्हणणें अन्यायाचें होईल. १९७३ च्या खाडीपुलानंतर आणि १९९२ सालीं रेल्वे वाशीस पोंचल्यावर वस्ती झपाट्यानें वाढली. मुंबईचे घाऊक बाजार इकडे आले, आणि त्यांच्याबरोबर रोज हातोहात फिरणारी रोकड आली. १९८९ सालीं न्हावा-शेवाचें बंदर चालूं झालें. ट्रकांच्या रांगा लागल्या. पुण्याचा आणि गोव्याचा रस्ता पनवेलाजवळ फुटतो. जमिनीला सोन्याचा भाव आला. चोरी, खंडणी, तस्करी ह्यांना एवढें आमंत्रण पुरे होतें. आणि शहर एक असून पहारे दोन होते. वाशी-बेलापुर ठाण्याच्या आयुक्ताखालीं, पनवेल-उरण रायगडच्या पोलीस अधीक्षकाखालीं. नकाशांत एक, पण पोलीसचौकींत दोन! गुन्हेगाराला खाडी ओलांडण्याचीहि गरज नव्हती. एका उपनगरांतून शेजारच्या उपनगरांत गेलें कीं तपासाची हद्द बदले. १९९४ च्या निर्णयानें ही फूट बुजली. हा निर्णय योग्यच होता.

सरकारच्या हाताचें दुसरें रूप २००५ सालीं दिसलें. पनवेल परिसरांतील नाचाच्या बारांच्या तक्रारी विधानसभेंत आल्या, आणि गृहमंत्री आर. आर. पाटील यांनीं बंदीची घोषणा केली. तारांकित हॉटेलांना वगळून केलेली ती बंदी मुंबई उच्च न्यायालयानें २००६ सालीं रद्द केली, आणि सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं तोच निकाल उचलून धरिला. पनवेलकरांची तक्रार खोटी नव्हती. पण ती ऐकणारा शहरांत कोणी नसल्यामुळें ती थेट विधानसभेंत गेली, आणि उत्तर आलें तें साऱ्या राज्यासाठीं.

आतां मॅकिंटॉशसाहेबांकडे परत येतों. ज्या हद्दपारीवर त्यांनीं बोट ठेविलें, ती आपल्या कायद्यांत आजहि आहे. फक्त आतां ती रीतसर लिहिलेली आहे. १९५१ च्या कायद्याच्या ५५ ते ५७ ह्या कलमांखालीं पोलीस अधिकारी, न्यायालयांत खटला न चालवितां, माणसाला दोन वर्षांपर्यंत हद्दीबाहेर घालवूं शकतो. ह्याला आपण तडीपारी म्हणतों. तड म्हणजे कांठ. मूळ अर्थ पाण्याच्या पलीकडे. नोटीस देण्याची आणि म्हणणें ऐकून घेण्याची तरतूद आहे, हें १८१० च्या मानानें फारच चांगलें. पण ह्या हुकुमावर अपील करावयाचें तें राज्यसरकारकडे, म्हणजे पोलिसांच्या धन्याकडेच. न्यायालयाचें दार त्यानंतर. पकडणारा आणि ठरविणारा निराळा असावा, ह्या १८१२ च्या तत्त्वाला येथें पळवाट राहिली आहे, आणि गुंडांना भिणाऱ्या सज्जनांचा तिला मूक पाठिंबा आहे.

२००६ सालीं प्रकाश सिंह यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें पोलिसांच्या कारभारावर स्वतंत्र नजर असावी, तक्रारींसाठीं प्राधिकरण असावें, असे आदेश दिले. महाराष्ट्रानें २०१४ सालीं कायदा दुरुस्त करून तें प्राधिकरण कागदावर आणलें. शहराच्या पातळीवर मात्र पोलिसांना प्रश्न विचारणारी लोकांनीं निवडलेली जागा आजहि नाहीं. मे २०२० मध्यें नवी मुंबई महानगरपालिकेची मुदत संपल्यावर कित्येक वर्षें तेथें प्रशासकच होता; म्हणजे कुरकुरणारे नगरसेवकसुद्धां नव्हते.

ह्याची किंमत कोण देतो? एक उदाहरण देतों. नांव घेत नाहीं, कारण त्या घराचें दुःख अजून ओलें आहे. एप्रिल २०१६ मध्यें नवी मुंबई पोलिसांतीलच एक महिला सहायक निरीक्षक बेपत्ता झाली. संशय होता तो दुसऱ्या दलांतील एका वरिष्ठ पोलीस निरीक्षकावर. तिच्या माहेरच्या माणसांनीं पोलीसठाण्यांचे आणि न्यायालयाचे उंबरठे झिजविले. गुन्हा नोंदला गेला तो २०१७ सालीं, आणि त्या निरीक्षकाला अटक झाली त्याच वर्षाच्या डिसेंबरांत. तिचें शव कधींच मिळालें नाहीं. एप्रिल २०२५ मध्यें पनवेलच्या सत्र न्यायालयानें त्याला खुनाबद्दल जन्मठेपेची शिक्षा दिली. निकाल लागला तेव्हां ती घरांतून गेल्याला नऊ वर्षें झालीं होतीं.